रोज पाणी घाला म्हणे! टीव्हीवरच्या बागेतून प्रेक्षकाला नक्की काय हवं असतं?

परभणीत वसमत रोडला माझी मावशी राहते. गच्चीवर तिच्या तीसेक कुंड्या आहेत. त्यात गुलाब, मोगरा, कढीपत्ता, वांगी, एक हट्टी लिंबू आणि तेलाच्या डब्यात लावलेली कोथिंबीर. टीव्हीवर बागकामाचं काही लागलं की ती हातातलं काम टाकून येते आणि पुढचा अर्धा तास टीव्हीशी भांडते. शेजारी बसून काकाही तेच बघतात. काकांनी तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण एखादा भाग चुकला तर जास्त हळहळ त्यांनाच.

परवा मी तिथं होतो. पडद्यावर एक बाई सकाळ-संध्याकाळ पाणी द्या म्हणत होत्या. मावशी उसळली, "रोज पाणी घाला म्हणायली! आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. म्हणावं, ये एकदा मे महिन्यात परभणीला." मी चॅनेल बदलायला रिमोट उचलला, तर तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. बघायलो ना आम्ही."

सल्ला कामाचा नाही असं म्हणणारी बाई कार्यक्रम सोडत नाही, आणि ज्याला बागच नाही तो माणूस एकही भाग चुकवत नाही. मग हे दोघं तिथं बघतात तरी काय? हा प्रश्न प्रेक्षकांना फार कोणी विचारत नाही, चॅनेलवाले तर नाहीच. म्हणून जरा मुळापासून बघू.

शेतीचा कार्यक्रम म्हणजे बागेचा कार्यक्रम नव्हे

आपल्याकडे टीव्हीवर माती आली ती शेतीच्या वाटेनं. दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' सुरू झालं २६ जानेवारी १९६७ रोजी, दिल्लीभोवतीच्या ८० गावांसाठी. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, आणि पुढे 'आमची माती, आमची माणसं' मराठवाड्यातल्या घराघरांत पोचलं. २०१५ पासून तर डीडी किसान ही अख्खी वाहिनीच आहे.

पण या कार्यक्रमांचा हिशेब एकराचा. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर, हे ऐकून मावशी बोटांवर हिशेब करत बसते. तिला हवं असतं लिटरचं माप. लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची. एवढं सरळ कोणी सांगत नाही, कारण तो कार्यक्रम तिच्यासाठी केलेलाच नसतो. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न 'परवडतं का?' हा असतो. गच्चीवरच्या बागेत तो विचारायची सोय नाही. खत, माती, कुंडी, सगळं धरलं तर मावशीचं एक वांगं पन्नास रुपयांच्या खाली पडत नसावं. हे तिला सांगायची कोणाची छाती नाही.

ब्रिटनमध्ये मात्र बागकाम हा टीव्हीचा जुना, स्वतंत्र प्रकार आहे. बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' १९६८ च्या जानेवारीत सुरू झाला तो अजून चालू आहे. त्याच्या आधीच्या जुलैत तिथं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर गुलाब कोण बघणार? (आपल्याकडे रंग आला १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी.) त्या कार्यक्रमाची एक खोड इथं महत्त्वाची आहे. निवेदक बहुतेक वेळा स्वतःच्या बागेतून बोलतो. वर्षानुवर्षं तेच वाफे, तीच झाडं. आणि शेवटी या शनिवार-रविवारी करायची कामं सांगतो.

एकच कार्यक्रम, दोन गिऱ्हाइकं

माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रश्नच उलटा करून विचारला, आणि १९७० च्या दशकात त्याला जोर आला. टीव्ही माणसाचं काय करतो ते राहू द्या, माणूस टीव्हीचं काय करतो ते बघा. याला 'वापर आणि समाधान' असा विचार म्हणता येईल. एलिहू कॅट्झ, जे ब्लमलर ही त्यातली ठळक नावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येकजण आपापली भूक घेऊन पडद्यापुढे बसतो. कुणाला माहिती हवी असते, कुणाला विसावा, कुणाला चारचौघांत बोलायला विषय, आणि कुणाला 'मी कोण' याची खूण.

आपल्याला हे कीर्तनावरून चटकन कळेल. गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस त्या मांडवात सापडायचा नाही. दळण कोण दळू लागलं, शेवटी काय झालं, सगळं पाठ असतं. तरी मांडव भरतो. आजी नामस्मरणाला आलेली असते, तरणा मृदंगावरची थाप ऐकायला, कुणी नुसता सोबतीला, आणि एखादा प्रसादालाही. कीर्तन सगळ्यांसाठी एकच, घरी मात्र जो तो वेगळंच नेतो.

आता काकांकडे या. काका मूळचे पूर्णा नदीकाठच्या खेड्यातले. नोकरीसाठी शहरात आले, वाटण्या झाल्या, वाट्याचा तुकडा भावाला देऊन टाकला. टीव्हीवर कुणी ढेकूळ हातात घेऊन चुरलं की काका पुढे सरकून बसतात. माझं त्यांच्याकडे लक्ष होतं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर तसंच चुरत होती. त्यांना खताचं प्रमाण नको असतं. मावशीला हवं असतं. आणि जो कार्यक्रम नुसती प्रमाणं सांगत सुटतो, त्यातून काका उठून जातात.

म्हणजे माहिती नकोच असते का?

हवी असते, पण आपल्या पत्त्यावर आलेली. मावशीचं भांडण इथंच आहे.

टीव्हीवरची बाग बहुधा मुंबईकडची, म्हणजे कोकणातली. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्यात सुमारे ६८० पडतो, तोही लहरीप्रमाणे. तिथली माती लाल, इथली काळी. 'बागेतली साधी माती घ्या' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं, अर्थ मात्र फार वेगळा निघतो.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. कुंडीत काय होतं ते मावशीनं मला बोट घालून दाखवलं. वाळलेल्या मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटला होता. मध्ये करंगळी जाईल एवढी फट. तिनं वरून तांब्याभर पाणी ओतलं. क्षणात ते फटीतून खाली गेलं आणि कुंडीच्या बुडातून गच्चीवर वाहत आलं. बघणाऱ्याला वाटावं, पोटभर पाणी मिळालं. मधला गोळा कोरडा ठणठणीत. रोप पाणी घालूनही सुकतं ते असं. यावर इलाज सोपा आहे. पाणी द्यायच्या आधी वरची माती खुरप्यानं हलवून फट बुजवायची, किंवा लहान कुंडी असेल तर पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बसवायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं कोरडवाहू शेतकरी म्हणतो ते याच कारणानं. भेग बुजली की ओल टिकते. हे वाक्य कुंडीलाही लागू आहे, पण बागकामाच्या कार्यक्रमात ते मी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या पानांची. टीव्हीवरचं उत्तर ठरलेलं: नत्र कमी पडलंय, खत घाला. मावशीनं कढीपत्त्याला खत घातलं, पानं आणखी पिवळी. आमच्या मातीत चुनखडी असते आणि बोअरचं पाणी जड. चुन्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे, पण हात बांधलेले. ओळखायची खूण अशी: नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोहाच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ऊस, भुईमूग करणारे याला केवडा म्हणतात. अशा वेळी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकून फार उपयोग होत नाही, चुना त्यालाही जखडून टाकतो. लिटरला दोन-तीन ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं तर आठवड्यात फरक दिसतो. कुंडीच्या काठाला पांढरा थर चढतो तो त्याच पाण्यातल्या क्षारांचा. पहिल्या-दुसऱ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून धुवून काढायच्या, एवढंच.

आता पाण्याचा हिशेब. दहा इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला एक लिटर तरी लागतं. तीस कुंड्या, आठ दिवस, म्हणजे २४० लिटर. घरातला निळा ड्रम असतो दोनशे लिटरचा. म्हणजे माणसांनी प्यायच्या, धुवायच्या, न्हायच्या पाण्याखेरीज एक अख्खा ड्रम नुसता कुंड्यांना, आणि तरी चाळीस लिटर कमीच. हे गणित मांडल्याशिवाय 'रोज पाणी घाला' म्हणणं म्हणजे पगार न विचारता बचतीचा सल्ला देणं. इथल्या बागेत पहिला निर्णय किती कुंड्या ठेवायच्या हाच असतो. उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना चिकटवून, हिरव्या जाळीखाली, गच्चीच्या तापलेल्या फरशीपासून विटांवर उचलून ठेवायच्या. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. हे सगळं मावशी करते. तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि टीव्हीवर हे कोणी करताना तिला दिसलेलंही नाही.

दोन दिवसांत बाग

पाककृतीचा कार्यक्रम वीस मिनिटांत संपतो, कारण पदार्थ खरोखर तासाभरात होतो, आणि जे व्हायला वेळ लागतो ते आधी करून ठेवलेलं असतं. बागेत ही युक्ती चालत नाही. टोमॅटो लावल्यापासून पिकायला अडीच महिने लागतात, त्याला इलाज नाही. मग टीव्ही दोन वाटा काढतो. एक म्हणजे कॅमेरा एकाच जागी ठेवून कित्येक दिवसांची चित्रं अर्ध्या मिनिटात पळवायची. कळी डोळ्यांदेखत उमलते, बघायला मोठी मौज वाटते. दुसरी वाट ब्रिटनमधल्याच 'ग्राउंड फोर्स' या कार्यक्रमानं १९९७ ते २००५ या काळात गाजवली. घरमालक बाहेर गेलेला असताना दोन दिवसांत त्याचं परसू बदलायचं आणि परत आल्यावर त्याचा चेहरा दाखवायचा. तो कार्यक्रम तुफान चालला, लोकांनी परसदारी लाकडी फळ्यांचे ओटे घालून घेतले.

आपल्याकडच्या सकाळच्या कार्यक्रमांतली दहा मिनिटांची बाग त्याच वळणाची. टेबलावर स्वच्छ कुंडी, चाळलेली माती, नर्सरीतून आणलेलं फुललेलं रोप. खोवलं, झालं. पण नर्सरीतलं रोप म्हणजे पाहुणा आलेलं लेकरू, पहिले दोन दिवस शहाण्यासारखंच वागतं. लाल मातीत वाढलेला गुलाब आमच्या काळ्या मातीत ठेवला की त्याची मुळं कित्येकदा त्या लाल गोळ्याबाहेर पायच टाकत नाहीत. हे कळतं तीन महिन्यांनी. तोवर कॅमेरा केव्हाच निघून गेलेला असतो.

माझं मत विचाराल तर प्रेक्षकाला खरी उणीव भासते ती इथं. त्याला तोच गुलाब तीन महिन्यांनी परत बघायचा असतो.

मेलेलं रोप दाखवणारा माणूस

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली एका गोष्टीला नाव दिलं. आपण ज्याला रोज पडद्यावर बघतो त्याच्याशी आपली ओळख आहे असं आपल्याला वाटू लागतं, त्याला मात्र आपण ठाऊकही नसतो. याला आभासी जवळीक म्हणू. मालिकेतल्या सुनेला 'भवाने' म्हणणाऱ्या आजीला ते कुणी समजावून सांगायला नको.

बागेच्या कार्यक्रमात ही जवळीक फार घट्ट होते. निवेदक दर आठवड्याला येतो, मातीत हात घालतो, ऋतूबरोबर त्याचेही कपडे बदलतात, केस पिकतात. 'गार्डनर्स वर्ल्ड'च्या मॉन्टी डॉन यांचा नायजेल हा कुत्रा बागेत नुसता त्यांच्या मागेमागे फिरायचा. २०२० च्या मे महिन्यात तो गेला, तेव्हा कधीही न भेटलेले प्रेक्षक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळले. त्यात खताचं प्रमाण कुठे आलं?

मावशीच्या बाबतीत मी ही जवळीक एका संध्याकाळी जुळताना पाहिली. कुठल्याशा कार्यक्रमात एका निवेदिकेनं वाळून कोळ झालेला मोगरा कॅमेऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, चार दिवस गावाला गेले होते, पाणी द्यायला सांगितलं होतं, कुणी दिलं नाही, मेला. मावशीनं टीव्हीचा आवाज वाढवला. "हिला कळतंय," म्हणाली. त्या दिवसापासून त्या बाईनं सांगितलेलं ती करून बघते, बाकीच्यांचं नुसतं ऐकते. एक मेलेलं रोप दहा फुललेल्या रोपांपेक्षा जास्त विश्वास कमावून गेलं. कारण साधं आहे: रोज गच्चीवर मावशीला जे दिसतं ते पहिल्यांदा टीव्हीत दिसलं.

मग यूट्यूब आहे की!

आहे, आणि उत्तम आहे. 'कढीपत्त्याची पानं पिवळी' एवढं बोललं की शंभर व्हिडिओ हजर. पण त्यासाठी आपल्याला आधी प्रश्न माहीत असावा लागतो. कुंडीच्या कडेची फट हा रोग आहे हेच ज्याला माहीत नाही, तो शोधणार काय? टीव्हीवरचा माणूस न विचारलेलं सांगतो. शिवाय दुखलं की औषधाच्या दुकानात जाणं वेगळं आणि ओळखीच्या डॉक्टरनं जाताजाता 'चेहरा का उतरलाय' विचारणं वेगळं. काकांपुरतं बोलायचं तर त्यांना काही शोधायचंच नसतं. त्यांना समोर काहीतरी उगवत राहिलेलं हवं असतं.

लोकांना हवं असेल तर चॅनेलवाले दाखवत का नाहीत?

कारण त्यांना 'हवं' हे टीआरपीतून कळतं. टीआरपी म्हणजे निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र लावून काढलेला अंदाज. हे काम बार्क ही संस्था करते. देशात टीव्हीची घरं २१ कोटींच्या आसपास असल्याचा तिचा २०२० चा अंदाज होता, आणि यंत्रं आहेत पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत. म्हणजे एक घर साधारण चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, आणि ती पद्धत म्हणून चुकीची नाही. पण शितावरून भात शिजला का ते कळतं, जेवणाऱ्याचं पोट भरलं का ते कळत नाही. कुठलं चॅनेल लागलं होतं आणि समोर कोण बसलं होतं एवढंच यंत्राला समजतं. मावशी भांडत होती की शिकत होती, त्याला काय ठाऊक!

दुसरं, पाककृतीला मसालेवाला, तेलवाला, कुकरवाला जाहिरातदार मिळतो. बागेला कोण मिळणार? गल्लीतली नर्सरी आणि शेणखत देणारा गवळी. वर्षभर एकाच बागेत कॅमेरा नेणं खर्चाचं, आणि परभणी-लातूरला नेणं तर त्याहून.

पाण्याची बोंब असताना बागेचे चोचले कशाला?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवसांत कुंडीला पाणी घालताना माणसं शेजाऱ्याची नजर चुकवत होती.

पण याच कारणानं इथल्या बागेचा कार्यक्रम इथंच व्हायला हवा. मलिक अंबरानं सतराव्या शतकात जमिनीखालून नहर काढून खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणलं. बीबी का मकबऱ्याची चारबाग याच कोरड्या मुलखात उभी राहिली. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कोरडवाहू शेतीचं ज्ञान तिथं शेतांच्या मापानं पडलेलं आहे. ते कुंडीच्या मापानं सांगणारं कुणी हवं. कमी पाण्यात काय जगतं, कुठलं झाड यंदा सोडून द्यायचं, हे सांगणारी बाग म्हणजे चोचला नव्हे. पेटुनियाच्या रांगा दाखवणाऱ्या बागेला मात्र मीही चोचलाच म्हणेन.

नंतरच्या एका संध्याकाळी त्या मोगरेवाल्या बाई छाटणीबद्दल काहीतरी सांगायला लागल्या होत्या. मावशी वही घेऊन बसली होती. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "नळ आला!" वही सोफ्यावर, मावशी जिन्यात, मी पाइप धरायला मागे. अर्ध्या तासानं ड्रम भरून वर आलो तर कार्यक्रम संपलेला. मावशीनं पदरानं हात पुसत विचारलं, "काय म्हणाली मग? कितव्या डोळ्यावर छाटायचं?"

काकांनी जरा विचार केला. "ते काय ध्यानात राहिलं नाही," म्हणाले. "पण त्या मोगऱ्याला खालून नवा फुटवा आलाय. दाखवला तिनं."